पन्नासावी खेप

हेझल मावशी एकोणपन्नास वेळा गेली आणि एकोणपन्नास वेळा काम उरकून आली. अर्ध्या वाटेतून एकदाही वळली नाही. महायुद्धाच्या दिवसांत इटलीतल्या चेरिन्योलाजवळच्या त्या चिखलात, ऑलिव्हच्या झाडांमागे जी साठेक अमेरिकन विमानं उभी असायची, त्यांत असं दुसरं नव्हतं. मावशी म्हणजे चार इंजिनांचं, दहा माणसांचं बॉम्बर. वैमानिक मर्ल ऑग्डेनला ज्या मावशीनं ओहायोत लहानाचं मोठं केलं, तिचं नाव त्यानं विमानाला दिलं होतं. पण विमान कुणाचं असं विचारलं, तर तळावरचा कुणीही एमेट कोलाचेककडे बोट दाखवी. वैमानिक विमान नुसतं उसनं नेतो, ते असतं त्याच्या मेकॅनिकचं, अशी तिथली रीत होती.

कोलाचेक अडतीस वर्षांचा, म्हणजे तिथल्या मानानं म्हातारा. नेब्रास्कात ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. सगळे त्याला पॉप म्हणत.

बिघाड होऊन विमान वाटेतून परतलं, की ते मेकॅनिकच्या नावावर लागे. कचेरीच्या तंबूत फळा होता, त्यावर प्रत्येकाचा आकडा खडूनं लिहिलेला असे. न वळता पन्नास खेपा झाल्या की मेकॅनिकला पदक. वळलं की शून्य, पुन्हा पहिल्यापासून. आपल्या कामाचा माणसाला अभिमान असावा, त्यात वावगं काही नाही. पण अभिमानाचा आकडा करून फळ्यावर लावला, की शहाणी माणसंही पोरांसारखी वागायला लागतात.

पन्नासाव्या खेपेच्या सकाळी, फेब्रुवारीत, तीन नंबरचं इंजिन तपासणीत अडखळलं. नियमात बसतं त्याच्या किंचित पलीकडे. असं दहादा व्हायचं आणि उडाल्यावर आपसूक सुटायचं. प्लग बदलायला अर्धा तास हवा होता आणि विमानं रांगेला लागली होती. मावशी राहिली असती, तर तिच्या जागी दुसरं विमान गेलं असतं. पॉपनं कागदावर सही केली.

"तीन नंबर खोकतंय, पॉप," मर्ल खिडकीतून ओरडला.

"सकाळी तूही खोकतोस. तुला कुणी घरी बसवलं का?"

मर्ल हसला. "आलो की बिअर माझ्याकडून."

"चल, निघ. बिअर मी पाजीन. पन्नासावी माझी आहे."

सव्वीस विमानं व्हिएन्नाला गेली, तेवीस आली. परतलेल्यांनी सांगितलं, की आल्प्सवर मावशी मागे रेंगाळत होती, तिचा एक पंखा थांबलेला होता. एकटी पडल्यावर खालच्या जर्मन तोफांना ती आयतीच सापडली. पेटली आणि ढगांत खाली गेली.

"कितव्या नंबरचा पंखा?" पॉपनं प्रत्येकाला गाठून विचारलं. कुणी तीन म्हणालं, कुणी चार. एक जण म्हणाला, मी माझ्या जिवाच्या आकांतात होतो, तुझे पंखे कोण मोजतंय? पॉपला तेवढंच हवं होतं. तीन की चार.

त्याला रडू आलं नाही. खरं तर काहीच येईना. जेवणाच्या रांगेत उभा राहिला, ताटात डब्यातलं डुकराचं मांस पडलं, ते खाल्लं. कशाची चव लागली असं विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं. मावशीची जागा रिकामी होती. तिथे सांडलेल्या तेलावर तो रोज सकाळी वाळू टाकी. कुणी सांगितलं नव्हतं.

कॅप्टन प्रुइटकडे दलाचा इतिहास लिहायचं काम होतं. गावी शाळामास्तर असलेला हा माणूस दर महिन्याला पाच-सहा पानं टंकून वर पाठवी. पॉप त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, त्यात लिहा, की इंजिन बरोबर नव्हतं आणि मी सही केली."

"मावशी तोफांनी पाडली," प्रुइट मान वर न करता म्हणाला. "वाटेतून वळली नाही, म्हणून खेप पूर्ण धरली आहे. तुमची पन्नास झाली."

"ती परत आलीच नाही."

"परत यायला हवं असं नियमात नाही. वळायचं नाही, एवढंच आहे." मग त्यानं चष्मा काढून डोळे चोळले. "कोलाचेक, या महिन्यात अठ्ठ्याऐंशी नावं टंकलीत मी. प्रत्येकाला एक ओळ. तुमच्यासाठी दुसरी ओळ कुठून आणू?"

मार्चमध्ये कर्नलनं पावसात उभं करून पॉपच्या छातीवर पदक लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पॉपनं सलाम ठोकला आणि पदक मोज्यांच्या पेटीत टाकलं.

त्यानंतर आठवड्यानं क्लाइड बेरुबे आला. मावशीच्या शेपटीत बसणारा तोफची. युगोस्लाव्हियाच्या डोंगरांतून तिथल्या बंडखोरांनी त्याला समुद्रापर्यंत पोहोचवला होता. पायांना चिंध्या गुंडाळलेल्या, गाल आत गेलेले. तो पॉपच्या तंबूत खाटेवर येऊन बसला.

"बाकीचे?" पॉपनं विचारलं.

"मी एकटाच. मर्लनं विमान डोंगरांपर्यंत ओढत आणलं. मी उडी टाकली आणि ते फुटलं."

"तीन नंबर होतं का?"

"हो, तीन. आल्प्सच्या अलीकडेच बंद पडलं. तेव्हाच वळता येत होतं. हवा मोकळी होती, घरी जाऊन दुपारचं जेवलो असतो." क्लाइडनं थोडं थांबून पायावरची चिंधी सारखी केली. "आम्ही म्हटलं, मर्ल, वळ बाबा. तर म्हणतो कसा, पॉपची पन्नासावी आहे रे, आज म्हाताऱ्याला शून्यावर आणायचं नाही. सगळे हसलो. नको असं कुणीच म्हणालं नाही. मीसुद्धा नाही."

पॉपनं पेटीतून मोज्यांची एक जोडी काढून त्याच्यापुढे ठेवली.

"तुमच्यावर फार जीव होता त्याचा," क्लाइड म्हणाला. "तुम्हाला कळावं, म्हणून आधी इकडे आलो."

"जेवलास का?" पॉपनं विचारलं.

एव्हाना मावशीच्या जागी नवं विमान आलं होतं, आणि त्याच्याबरोबर हॉलिस नावाचा नवा वैमानिक. मिशीही धड फुटली नव्हती. चार खेपा झाल्या होत्या, फळ्यावर पॉपच्या नावापुढे चार लिहिलं होतं. चौथ्या खेपेहून उतरल्यावर हॉलिस मोठ्या आदबीनं म्हणाला, "पॉप, सगळे सांगतात तुमचं विमान कधी वळत नाही. काळजी करू नका. आमच्या हातून तो लौकिक जायचा नाही. पोरांनी तसं ठरवूनच टाकलंय."

"लौकिक गेला खड्ड्यात. नुसती शंका आली तरी वळायचं."

हॉलिस हसला आणि सोबत्याला डोळा मारून म्हणाला, "बघ, म्हातारा किती साधा आहे."

पॉपनं त्याला पुन्हा एकदा सांगून पाहिलं, जरा रागावून. हॉलिस आणखीच हसला.

पाचव्या खेपेच्या सकाळी पॉपनं चारही इंजिनं दोनदा तपासली. एकही खोकत नव्हतं. मग तो आत चढला आणि दोन नंबरच्या तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्याची तार जिथे जोडलेली असते, तिथला पेच त्यानं दोन आटे सैल केला. इंजिनाला हात लावला नाही. धक्क्यांनी तार सुटणार, काटा शून्यावर पडणार, आणि दाब शून्य दिसला की वळायचंच, तिथे लौकिकाचं काही चालत नाही. वीस वर्षांत त्यानं स्वतःच्या हातानं काही बिघडवलं नव्हतं. त्याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दीड तासानं विमान एकटंच परत आलं, बॉम्ब समुद्रात टाकून.

"काटा शून्यावर गेला, आणि इंजिन ठणठणीत!" हॉलिस उतरल्या उतरल्या भडकला. "आमची खेप फुकट गेली, पॉप. घरी जायच्या हिशोबात ती धरत नाहीत."

"तार सुटली असेल. माझी चूक."

"हा कसला पदकवाला?" मागून एक तोफची म्हणाला. "माझी आजी बरी पेच आवळते." दुसऱ्यानं टोपी चिखलात आपटली आणि पॉपच्या आईबापांचा उद्धार केला. मग सगळ्यांनाच जोर चढला. विमानाच्या पोटातून एकेक जण उतरत होता, चिडलेला, घामेजलेला, आणि उतरता उतरता पॉपला शिव्या हासडत होता.

पॉप पंखाखाली उभा राहून त्यांना मोजत होता. आठ झाले. मग नववा. दहावा जरा वेळानं आला, त्याचा बूट कुठेतरी अडकला होता, आणि सगळ्यांत घाणेरडी शिवी त्याचीच होती.