मिशांचा बॅकअप

नाटकांना दाढ्यामिशा भाड्याने देणाऱ्या बाईंची वेबसाइट एकदा अपडेटचं बटण दाबताच साफ पुसली गेली. तेव्हापासून बॅकअपचं काम त्यांच्या नवऱ्याने अंगावर घेतलं. त्याला कारणही तसंच होतं. सगळ्या मिशांचे फोटो नव्याने काढावे लागले आणि मॉडेल म्हणून घरात रिकामं तोंड नवरोबांचंच होतं. मिशा चिकटवून आणि उपटून त्यांचा वरचा ओठ पार सोलवटला.

नवरा म्हणजे निवृत्त लिफ्ट-तपासनीस. उभा जन्म दुसऱ्यांचे दोर तपासण्यात गेलेला. कुलूप लावलं तरी जिन्यावरून परत येऊन ओढून बघणार. दुधाने तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. हे गृहस्थ पाणीसुद्धा फुंकू लागले.

"अहो, रोज एकदा बॅकअप पुरे," बाई म्हणाल्या.

"आणि मधल्या वेळात काही झालं तर? ओठ माझा आहे!"

त्यांनी दर तासाला आपोआप बॅकअप होईल असं लावलं आणि विजयी मुद्रेने पेपर उघडला.

काही दिवसांत वेबसाइट रखडायला लागली आणि एका सकाळी बंदच पडली. नाटकमंडळीच्या व्यवस्थापकाचा फोन आला, "बाई, राजाची दाढी निवडायची होती, पण तुमचं पान उघडतच नाही."

बाईंनी वेबसाइट बनवून देणाऱ्या भाचीला फोन लावला. भाचीने तिकडून काहीतरी तपासलं आणि तिला हसू आवरेना.

"मावशी, काकांनी बॅकअप वेबसाइटच्याच फोल्डरमध्ये ठेवलेत. प्रत्येक नवा बॅकअप आधीच्या सगळ्यांना पोटात घेतोय. जागाच उरली नाही!"

"म्हणजे दाढीला दाढी फुटत गेली म्हण की."

काका शेजारीच उभे होते, पण खिडकीबाहेर बघत.

भाचीने फुगलेले बॅकअप काढून टाकले तशी वेबसाइट पुन्हा चालू झाली, आणि राजाला दाढी मिळाली. मग रोज पहाटे एक बॅकअप, तोही दुसऱ्या जागी, आणि जुने आपोआप पुसले जातील, असं ठरलं. पुसण्याचं नाव काढताच काकांचा चेहरा पडला. पण बाईंनी डोळे वटारले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र काकांना वेगळीच शंका आली. "दोर आहे खरा, पण वजन पेलतो का, ते कोणी बघितलंय?"

हे मात्र बाईंना पटलं. त्यांनी सरळ झुपकेदार मिशांचं पान उघडलं आणि पुसून टाकलं. काकांनी ओठावर हात ठेवला. भाचीने फोनवरून सांगितलं तसं बाईंनी पहाटेच्या बॅकअपमधून ते पान परत आणलं. एकेक करत मिशा उमटल्या, तसा काकांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "अगंबाई! सकाळी भाडं वाढवलं होतं, ते जुनंच दिसतंय."

"बघ! पहाटेनंतरचं सगळं गेलं!" काका खुर्चीतून उठलेच. "मी म्हणत नव्हतो, दर तासाला—"

"दोनदा," बाई म्हणाल्या. "पहाटे आणि दुपारी. त्याच्यावर एकदाही नाही."

काका दुपारची वेळ लावायला बसले आणि बाईंनी नवं भाडं पुन्हा टाकायला घेतलं. टाकता टाकता थोडं आणखी वाढवलं.