नऊ मतांचा एजंट

"काका, एजंटचा फॉर्म माझ्या नावाचा निघालाय," शिवराज उंबऱ्यातूनच म्हणाला. "वरूनच तसं ठरलं. तुम्ही मांडवात बसा, लोकांच्या चहापाण्याचं बघा."

उद्या मतदान होतं. सांडूकाकांनी पांढरा सदरा कालच इस्त्री करून आणला होता.

करमाडपासून आत चार किलोमीटरवरच्या या गावात चाळीस वर्षं एकाच पक्षाला मतं पडायची. शिवराजचे वडील सांगतील तो उमेदवार. विरोधी पक्षाचा एजंट म्हणून शाळेच्या खोलीत बसायला कोणी धजावत नसे. एकतीस वर्षं सांडूकाका बसले. चिकलठाण्याच्या कंपनीत होते तेव्हा बिनपगारी रजा टाकून बसायचे. नाव पुकारलं की यादीत खूण करायची आणि खोटा मतदार आला तर हरकत घ्यायची, एवढंच ते काम. पण हरकत घेतली म्हणून एकदा त्यांना शाळेमागे नेऊन बडवलं होतं. कधी सात मतं पडायची, कधी अकरा. एकदा नऊ पडली आणि गावाने त्यांचं नावच ठेवलं, नऊ मतांचा एजंट.

यंदा मात्र टीव्हीवर रोज सांगत होते, या मतदारसंघात प्रथमच अटीतटीची लढत. सांडूकाका नवरदेवासारखे फुलले होते. आणि महिन्यापूर्वी शिवराजने पक्ष बदलला. गळ्यात नवं उपरणं घालून तो सांडूकाकांच्या पक्षात आला, आणि मागोमाग अख्खं गाव आलं. लढत अटीतटीची झाली ती अशी.

"मंग त्यांच्या बाजूनं कोण बसणार?" सांडूकाकांनी विचारलं.

शिवराज हसला. "त्यांच्या बाजूला ऱ्हायलंच कोण, काका?"

तो गेल्यावर सारजाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "जाऊ द्या. जिकणार तर तुमचाच पक्ष ना?"

"व्हय," सांडूकाका म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं होतं. हरायला मी, आणि जिंकायची वेळ आली की हा, असं ते मनात घोळवत राहिले.

सकाळी नऊला नवराबायको मतदानाला गेले. बायकांची रांग वेगळी होती. खोलीत बाकावर शिवराज एकटाच यादी घेऊन बसला होता. अधिकाऱ्याने नाव पुकारलं, "पारूबाई कचरू."

"हाव जी," म्हणत डोक्यावरून पदर ओढलेली एक बाई पुढे झाली. पारूबाईला जाऊन सहा महिने झाले होते. शिवराजने तिच्या तिरडीला खांदा दिला होता. त्याने यादीत शांतपणे खूण केली.

"पारूबाई वारली, साहेब," सांडूकाका रांगेतून सवयीने बोलून गेले. "हरकत हाय माझी."

अधिकाऱ्याने मान वर केली. "तुम्ही एजंट आहात का?"

"नाय."

"मग रांगेत गप उभे राहा."

शिवराजने वर पाहिलंसुद्धा नाही. त्या बाईच्या बोटाला शाई लागली आणि ती मशीनपाशी गेली.

सांडूकाकांची पाळी आली तेव्हा ते मशीनपुढे बराच वेळ उभे राहिले. आपलं चिन्ह त्यांना डोळे मिटूनही सापडलं असतं. अधिकारी म्हणाला, "काका, आटपा." त्यांनी दुसऱ्याच चिन्हाचं बटण दाबलं. ज्या पक्षाशी जन्मभर भांडले, त्याचं. बाहेर आल्यावर ते मांडवात न थांबता घरी गेले.

निकाल लागला. चाळीस वर्षांची सत्ता अडीच हजार मतांनी गेली. पेपरने लिहिलं, मतदार जागा झाला. संध्याकाळी शाळेच्या खोलीचे आकडे पारावर वाचले गेले. शिवराजच्या बाजूला अकराशे बारा, समोर दोन.

"एक कोणाचं ते कळलं," शिवराज सगळ्यांदेखत म्हणाला. "दुसऱ्याचं बी कळंलच."

सांडूकाका घरी आले. सारजाबाई ज्वारी पाखडत होत्या.

"दोन पडली," ते म्हणाले.

सारजाबाईंचं सूप थांबलं नाही. "मी बी रांगेतच व्हते की. पारू माझ्याबरुबर रानात निंदायला यायची." मग सूप खाली ठेवून त्या उठल्या. "शिवराजचा टँकर शेजारच्या गल्लीत आलाय. दोन्ही हंडे घ्या. उद्यापासनं आपल्या दारात थांबायचा नाय तो."

सांडूकाकांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि हंडे उचलले.