तांबडं धुवण

ऑपरेशन थिएटरमध्ये तिला सगळे मशीनवाली म्हणत. जखमेतून सांडलेलं रक्त तिचं मशीन नळीने ओढून एका डब्यात जमवायचं, गरागरा फिरवून त्यातल्या लाल पेशी वेगळ्या काढायचं, सलाईनने धुवायचं आणि पिशवीत भरून द्यायचं. ज्याचं रक्त त्यालाच परत.

आज टेबलावर एक घड्याळजी होते. पोटातली मोठी धमनी फुग्यासारखी फुगलेली, कधी फुटेल याचा नेम नाही. त्यात पूर्वी बऱ्याचदा बाहेरचं रक्त घेतल्यामुळे आता त्यांच्या शरीराला कुणाचंच रक्त चालेना. रक्तपेढीने शेकड्याने पिशव्या तपासल्या, तेव्हा कुठे जुळणाऱ्या दोन मिळाल्या. बाकी सगळी भिस्त मशीनवर.

"दुसऱ्याचे सुटे भाग नकोत हां, पोरी," भूल देण्याआधी ते म्हणाले होते. "मी गिऱ्हाइकाला कधी असले लावत नाही."

सर्जनच्या शेजारी हत्यारं द्यायला तिची सख्खी आत्या उभी होती. थिएटरमध्ये एकतीस वर्षं काढलेली बाई. भाचीला पदवीपर्यंत रेटणारी तीच, इथे चिकटवणारीही तीच. पण थिएटरच्या दाराआत सिस्टर म्हणायचं, हा तिचा दंडक.

पहिली पिशवी चाळीस मिनिटांपूर्वीच घड्याळजींना चढवून झाली होती. पेशी धुतल्यावर मशीनमधून बाहेर जाणारं धुवण शेवटी नितळ यावं लागतं. तेव्हा ते किंचित गुलाबी राहिलं होतं. सर्जन घाईवर आले होते. एवढ्याने काय होतंय, असं मनाशी म्हणत तिने पिशवी पुढे केली होती.

आता दुसरी पिशवी भरत आली होती आणि धुवण लालच्या लाल येत होतं. तिने नळीमागे बोट धरलं. बोट दिसलं. नखसुद्धा दिसलं.

रक्तातून बोट दिसत नाही. पेशी तरंगत असतात, त्या उजेड अडवतात. असं काचेसारखं लाल तेव्हाच दिसतं, जेव्हा पेशी फुटून आतला रंग पाण्यात उतरतो.

तिने वर टांगलेल्या सलाईनचं लेबल दोनदा वाचलं. बरोबर होतं. फिरण्याचा वेग बरोबर होता. मग तिने डब्यात आतापर्यंत एकूण किती ओढलं गेलं, तो आकडा पाहिला. तेवीसशे मिली. भूलतज्ज्ञबाईंच्या फळ्यावर रक्तस्राव होता चौदाशे. गोठू नये म्हणून मिसळलेलं औषध धरलं, तरी पाचसहाशे मिली जास्तच. हे आलं कुठून?

सुर्रर्र.

आत्याने रक्त ओढणाऱ्या नळीचं टोक बाजूच्या स्टीलच्या वाडग्यात बुडवलं, घोटभर ओढून घेतलं आणि सर्जनच्या हातात परत दिलं. नळी तुंबू नये म्हणून. हा तिचा वर्षानुवर्षांचा हात. मशीनला न जोडलेल्या साध्या नळीतलं सगळं फेकूनच द्यायचं असतं, तिथे त्याने काही बिघडत नव्हतं.

"सिस्टर, वाडग्यात काय आहे?"

"पाणी. निर्जंतुक केलेलं."

"साधं पाणी? सलाईन नाही?"

"मग काय, गुलाबपाणी भरू?"

सहाय्यक डॉक्टर मास्कमागे हसला. साध्या पाण्यात पेशी फुगते, फुगून फुटते. पहिल्या वर्षाच्या प्रयोगवहीत तिने ते स्वतःच्या हाताने काढलं होतं.

"पिशवी," सर्जन मान वर न करता म्हणाले.

मशीन बिघडलं म्हणून सांगता आलं असतं. आत्याची लाज राहिली असती. पण मग नळी पुन्हा वाडग्यात गेली असती.

"देता येणार नाही, सर. नळी साध्या पाण्यात धुतली जातेय. डब्यातल्या पेशी फुटल्यात. हे चढवलं तर तो रंग मूत्रपिंडात जाऊन बसेल."

आत्याचा हात हवेत थांबला. "मी नेहमी अशीच धुते गं."

"माहितेय, सिस्टर. मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं."

"डब्यातलं काहीच वाचणार नाही?" सर्जननी विचारलं.

"दुप्पट सलाईनने धुऊन बघते. वाटीभर मिळालं तर मिळालं."

भूलतज्ज्ञबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "आणि पहिली पिशवी? ती तर मी चढवली."

आत्याही तिच्याकडे बघत होती. मास्कवर नुसते डोळे.

"तिचं धुवण गुलाबी होतं," ती म्हणाली. "मला दिसलं होतं. तरी मी दिली."

भूलतज्ज्ञबाई टेबलाखाली वाकल्या. तासाभरापूर्वी लघवीच्या पिशवीत पिवळं होतं. आता वरच्या नळीतून उतरणारी धार कोऱ्या चहाच्या रंगाची होती.

"पेढीच्या दोन्ही पिशव्या लावा," सर्जन म्हणाले. "मशीनवाली, नवा डबा जोड. तोवर मी दाबून धरतो. किती वेळ?"

"सहा मिनिटं."

"चार."

आत्याने वाडगा बादलीत उपडा केला आणि रिकामाच पुढे धरला. भाचीने त्यात सलाईन ओतलं. मग तिने जुना डबा सोडवला आणि दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. तो चांगलाच जड होता, आणि अजून कोमट.