पुन्हा पुलकेनलाच

खाडीच्या तोंडावर रस्त्यासाठी बांध घातला आणि त्याच वर्षी आमचं पुलकेनचं खाजण कुजायला लागलं. भरतीचं पाणी आत जेमतेम यायचं. चिखल काळा पडला, त्यातले किडे मेले, आम्ही बायका जे शेवाळ काढून विकायचो तेही गेलं. तरी सप्टेंबरात अलास्काहून, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाहून, पाणटिवळे आले ते थेट तिथंच उतरले. लांब चोच चिखलात खुपसायची, रिकामी बाहेर काढायची, दिवसभर तेच. डोंगरापलीकडे चोनको खाडीत किडे वळवळत होते, पण तिकडे एकही फिरकला नाही.

माझी वहिनी एदुलिया हे बघून अर्धी झाली. त्यातल्या एकाला ती ओळखायची. पायात हिरवी पट्टी असलेला तो पक्षी दर वर्षी आमच्या कुंपणासमोरच उतरायचा. अभ्यासासाठी पक्ष्यांना पट्ट्या लावणारी हिमेना शहरातून आली तशी वहिनीनं तिला गाठलं.

"पोरी, जाळं लाव. चोनकोला नेऊ यांना."

"नेऊ की, एदुलियाबाई. पण राहतील असं नाही."

सापडले तेवढे खोक्यांत घालून ट्रकनं नेले आणि सोडले. दुसऱ्या दिवशी ओहोटीला वहिनी बसनं परतली, तर सगळे पुलकेनला हजर.

माझा भाऊ रोसामेल हसत सुटला. "तुझ्याआधी पोचले गं! आणि तेही बसचं तिकीट न काढता."

"दात काढू नकोस, म्हाताऱ्या. उपाशी मरतायत ते."

दुसऱ्यांदा पकडल्यावर तिनं त्यांना चोनकोच्या काठी जाळीत ठेवलं. स्वतः तिथंच बहिणीकडे राहिली, रोज चिखल उपसून किडे घालत होती. पक्षी अंगानं भरले. मग जाळी उघडली, तर ते तिथंच चरू लागले. वहिनीचा मला फोन आला, "राहिले गं! राहिले!"

दोन दिवस राहिले. नंतर एका भरतीला थवा उठला आणि डोंगर ओलांडून गेला.

वहिनी बसनं परतली. कुंपणासमोर हिरवी पट्टीवाला काळ्या चिखलात चोच खुपसत होता. हातातली पिशवी तिनं तिथंच टाकली.

"अरे मूर्खा," ती म्हणाली, "तिथं सगळं होतं की रे."

दुसऱ्या दिवशी रोसामेल, कुणाला न सांगता, चोनकोहून बादलीभर किडे घेऊन आला आणि खाजणात पसरू लागला. त्याचं पसरून व्हायच्या आत दुसऱ्याच समुद्रपक्ष्यांनी ते फस्त केले. त्यानं बादली त्यांच्यावर भिरकावली आणि चिखलातच बसून रडला. भावाला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मार्चमध्ये बाकीच्या खाड्यांतले पाणटिवळे उत्तरेला गेले. आमच्यातले थोडेच त्यांच्यामागे गेले; उरलेले उठायचे, पाण्यावर एक फेरी मारायचे आणि परत खाली यायचे. अंगात ताकदच नव्हती. जूनमध्ये आमचा हिवाळा लागेपर्यंत एकेक करून संपले. हिरवी पट्टीवाला कुंपणापाशी सापडला, नुसती पिसं आणि हाडं. वहिनीनं त्याला बटाट्याच्या वाफ्यात पुरलं.

पुढच्या सप्टेंबरात थवा आला, आधीपेक्षा लहान. वहिनी घराबाहेर आली नाही. चुलीपाशी बसूनच तिनं मला विचारलं, "कुठं उतरले?"

"इथंच," मी म्हणाले.

तिनं चुलीत लाकूड सारलं आणि खिडकीकडे पाठ केली.