बिननावाची बटणं

शहापूरच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात गुरुपौर्णिमेला जुनी पोरं पेढे घेऊन येतात. २००६ साली अक्षय आला. किन्हवलीचा, माझ्याकडेच प्रोग्रॅमिंग शिकलेला, आता ठाण्याच्या कंपनीत. ज्या कॉम्प्युटरच्या परीक्षेचा दाखला नोकरीला मागतात, त्या परीक्षेचं सॉफ्टवेअर त्याची कंपनी बनवत होती. क्लासच्या मालकानं त्याला हार घातला.

कोपऱ्यात वेणू बसली होती. डोळखांबच्या पाड्यावरची, जन्मापासून आंधळी. कानाला हेडफोन. पडद्यावर असेल ते मशीन तिला वाचून दाखवायचं आणि ती माऊसला हात न लावता सगळं कीबोर्डवर करायची. मुरबाडच्या एका दवाखान्यात फोनवर बसायची जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती. दाखला आणला तर जागा तिची. नाहीतर दिवाळीनंतर घरच्यांबरोबर वीटभट्टी.

"अक्षयदादा, पेपरातल्या बटनांना नावं दिलीस ना रे?"

"देणार गो! सरांचा चेला हाय मी."

माझ्या पाया पडला आणि गेला.

बटणावर बाणाचं चित्र काढलं की डोळसाचं भागतं. मशीनला चित्र वाचता येत नाही. आत 'पुढचा प्रश्न' असं नाव लिहावं लागतं, तेव्हा ते बोलतं. एका ओळीचं काम. मी दर बॅचला शिकवतो. अक्षयच्या बॅचला वेणूसारख्यांसाठीच म्हणून शिकवलं, तर मागून कोणीतरी बोललं, "आंधळा कॉम्प्युटर घेऊन काय आरती करणार?" सगळा वर्ग हसला. अक्षय हसला नव्हता. म्हणून माझा त्याच्यावर भरवसा.

परीक्षेच्या दिवशी वेणूनं नवी ओढणी घेतली होती. पेपर सुरू झाला. हेडफोनमधून बारीक आवाज मला दारात ऐकू येत होता.

"बटन. बटन. बटन. बटन."

बस्स. तिनं मान वळवली. "सर, यातलं पुढचं कंचं?"

मी पुढे झालो तर बाहेरून आलेला सुपरवायझर आडवा आला. "बोललात तर कॉपी केस करीन. तिची पण."

"अहो, तिला प्रश्न नाही विचारायचा, बटण विचारायचंय!"

"सगळ्यांना सारखे नियम."

सारखे! वेणूनं अंदाजानं एक बटण दाबलं. मशीननं पुन्हा 'बटन' म्हटलं. तिनं तेही दाबलं. पेपर संपला. पहिलं बटण पेपर बंद करायचं होतं, दुसरं 'नक्की का?' विचारणारं. दोन्ही चित्रं.

"नापास झाली का गो वेणू?" शेजारच्या संगीतानं विचारलं.

"पेपर कुठं दिला मी?" वेणू म्हणाली.

दवाखान्यानं दुसरी मुलगी घेतली. दिवाळी झाली आणि पाडा भट्टीवर गेला. वेणूही गेली, दुसऱ्यांची पोरं सांभाळायला.

मी अक्षयला फोन लावला होता. तो म्हणाला, "सर, तुम्ही शिकवलं होतं, खरंय. पण ते मार्कांना नव्हतं ना. आणि इथं कंपनीत कोण मागतच नाय. लक्षातनं गेलं."

पुढच्या गुरुपौर्णिमेला तो परत आला. पेढे मोठ्या दुकानातले.

"नावं दिलीस?"

"नवीन व्हर्जनला बघू, सर. आता चित्रं रंगीत केलीत. लय भारी दिसतात."

मालकानं नव्या बॅचला सांगितलं, याच्यासारखे व्हा. टाळ्या पडल्या. अक्षय माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. त्याचा हात फरशीला लागला. त्यानं तोच कपाळाला लावला.