ढिगाऱ्यावरचा अबोला

कप्तानांनी मूठ वर केली आणि सगळं जागच्या जागी थांबलं. ढिगाऱ्यावर कायदा एकच: मूठ वर म्हणजे कटर बंद, जनरेटर बंद, तोंडं बंद. खोकला आला तर गिळायचा. दोरीपलीकडच्या बघ्यांनाही पोलिसांनी दटावून गप्प केलं होतं. तरी एका शहाण्याचा फोन वाजलाच. शेजारच्या बाईने त्याच्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला की त्याने फोनच बंद करून टाकला.

ही शांतता जिच्यासाठी होती, ती ढिगाऱ्यावर गुडघे टेकून बसली होती. बचाव दलात तिला सगळे 'कान' म्हणायचे, कारण कामच तसं होतं. यंत्राची चकती काँक्रीटला चिकटवायची, हेडफोन लावायचा, हातोडीने तीन ठोके मारायचे आणि खालून कुणी उत्तर देतंय का ते ऐकायचं. एरवी या बाईचे हात दगडासारखे स्थिर. आज मात्र खाली तिचा धाकटा भाऊ होता.

तीन मजली इमारत सकाळी मटकन खाली बसली होती. तळाला बेकरी होती, आणि पहिला पाव भट्टीतून निघत होता. आत तिथेच कामाला असलेला भाऊ होता, ज्याला घरीदारी सगळे 'बोका' म्हणत, आणि बेकरीच्या मालकीणबाई होत्या, त्यांना सगळे काकू म्हणत. वरच्या मजल्यावर एक एकटा शिंपी राहायचा, तोही सापडत नव्हता. बाकीचे कामाला बाहेर पडले होते. बेकरीवाले काका पिठाची पोती आणायला गेले होते म्हणून वाचले, आणि आता वाचल्याबद्दल स्वतःलाच बोल लावत दोरीजवळ उभे होते. त्यांच्या शेजारी तिची आणि बोक्याची आई होती. तिचे ओठ सकाळपासून हलत होते. प्रार्थना, दुसरं काय!

"घरचं माणूस आत असलं की ढिगाऱ्यावर चढायचं नाही, नियम ठाऊक आहे ना?" कप्तान सकाळीच म्हणाले होते.

"ठाऊक आहे. दुसरा कान आणा, मी उतरते."

दुसरा कान कुठून आणणार? कप्तान मान फिरवून निघून गेले.

आता हिचं आणि देवाचं काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हिने देवाशी अबोला धरला होता. दोन वर्षांपूर्वी हिची चिमुरडी पोर साध्या तापाने गेली. हो, साध्या तापाने. इस्पितळाच्या व्हरांड्यात आई रात्रभर हात जोडून बसली होती, हीसुद्धा बसली होती. पोर गेल्यावर आई म्हणाली, "देवाची इच्छा." झालं. त्या दिवसापासून हिने देवाशी बोलणं टाकलं, आणि आईशीही कामापुरतंच ठेवलं. देव नाहीच असं तिने कधी म्हटलं नाही. जो नाहीच त्याच्याशी कसला अबोला धरायचा? तो आहे, त्याने सगळं ऐकलं आणि तरी पोर नेली, यावरच तर तिचा राग होता.

तिने तीन ठोके मारले. ठक, ठक, ठक. मग श्वास रोखला.

आधी नुसती घरघर. मग कुठेतरी पाण्याची टपटप. आणि मग खालून, लांबून, पण अगदी स्वच्छ: ठक, ठक, ठक.

"देवा!"

शब्द तिच्या तोंडून निसटलाच. दोन वर्षांचा अबोला एका क्षणात मोडला, आणि तिला त्याचं काही वाटलंही नाही. "आहे! साहेब, उत्तर आलं! जिवंत आहे!" ती ओरडली तसा दोरीपलीकडे एकच गलका झाला. आईने जमिनीला डोकं टेकलं. काका आईला विचारत होते, "एकच आहे की दोघं? अहो, विचारा ना, दोघं आहेत का?"

क्रेन थांबवली गेली. खाली जिवंत माणूस असताना क्रेनने स्लॅब उचलला तर उरलेला ढीग त्याच्यावर सरकतो, म्हणून हातांनी काम सुरू झालं. बादल्या, फावडी, लोखंडी पहारी. ती स्वतः आडवी पडून विटा उपसत होती. मधूनमधून मूठ वर जायची, ती ठोके मारायची, आणि उत्तर यायचं. दर वेळी थोडं अधिक जवळून. "थांब रे बोक्या, आले मी," ती पुटपुटायची, आणि मग जरा ओशाळून, "थांब रे देवा, त्याला धरून ठेव." बघा, म्हणजे लाडीगोडीवर आली होती बाई! माणसाचं हे असंच असतं, अडलं की मान आपोआप खाली जाते.

दुपार कलली तेव्हा तिच्या पहारीने शेवटची वीट पलीकडे ढकलली. भोक पडलं. तिने टॉर्च आत मारला, आणि पलीकडूनही एक टॉर्च तिच्या डोळ्यांवर आला.

पलीकडे एक हेल्मेट होतं. हेल्मेटखाली दाढी वाढलेला, धुळीने माखलेला माणूस, आणि त्याच्या गळ्यात तिच्यासारखाच हेडफोन.

"तुम्ही कोण?" तो म्हणाला.

"तुम्ही कोण?" ती म्हणाली, आणि विचारता विचारताच तिची नजर त्याच्या हातातल्या हातोडीवर गेली.

शेजारच्या ठाण्याची तुकडी मागच्या गल्लीत उतरली होती. तिथली भिंत पडायला आलीय, ती सावरायला आलेत, एवढंच कप्तानांना ठाऊक होतं. त्यांच्याकडेही कान आहे, तोही ठोके मारतोय, हे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. एका ढिगाऱ्यावर ठोकणारा एकच असावा, हे तर शिकाऊ पोरालाही माहीत असतं. इकडची यंत्रं बंद पडली की तिकडच्यांना वाटायचं, आपल्यासाठीच शांतता झाली. ही ठोकायची, तो उत्तर द्यायचा. तो ठोकायचा, ही द्यायची. सकाळपासून दोघं एकमेकांच्या दिशेने खणत होते. आणि बेकरीची भट्टी होती डावीकडे, दोघांच्याही वाटेपासून दूर.

दाढीवाल्याने हेल्मेट काढलं आणि तो तिथेच भिंतीला टेकून रडायला लागला. ती रडली नाही. रागाने तिच्या कानशिलांत ठणका भरला होता. "मस्करी करतोस?" तिने वर बघून विचारलं, चांगलं मोठ्याने, साऱ्या तुकडीसमोर. "मी बोलायला लागले आणि तू ही थट्टा केलीस माझी?" कुणीही तिच्याकडे बघितलं नाही. प्रत्येकाला अचानक आपले बूट महत्त्वाचे वाटायला लागले.

आईला सांगायला तीच गेली. दुसऱ्या कुणाची छाती झाली असती का? काकाही ऐकत होते. "ते ठोके बोक्याचे नव्हते, आई. आमच्याच लोकांचे होते."

आईने डोळे मिटले. तिचे ओठ पुन्हा हलले. "त्याची इच्..."

"तो शब्द उच्चारू नकोस! आज तरी नको. नाहीतर मी पुन्हा तुझं तोंड बघणार नाही."

आईने डोळे उघडले. "तुला काय वाटतं गं, मला राग येत नाही? तुझी पोर गेली तेव्हा माझ्याही मनात आलं होतं की त्याचं नाव टाकावं. पण तू टाकलं होतंस. मीही टाकलं असतं तर आपल्या घराचं गाऱ्हाणं त्याच्यापुढे घालायला राहिलं कोण?" तिने पदराने डोळे पुसले. "जा तू. तुझं काम कर."

ती परतली तेव्हा कप्तान क्रेनवाल्याला हात करत होते.

"साहेब, थांबा."

"बाई, आता पुरे. डाव्या बाजूने काहीच आवाज नाही. शिंप्याच्या बाजूचा स्लॅब घसरायला लागलाय."

"डावीकडचं आपण ऐकलंच कुठे? ठोका मारला की लगेच उत्तर यायचं आणि आपण सगळे नाचत सुटायचो. त्या ठोक्यांच्या पलीकडे काय वाजत होतं ते एकदाही ऐकलेलं नाही. एकदाच. कुणी ठोकायचं नाही, मीही नाही. नुसतं ऐकायचं."

कप्तानांनी एकदा स्लॅबकडे बघितलं, मग तिच्याकडे. मूठ वर गेली.

दाढीवाल्याच्या तुकडीनेही सगळं बंद केलं. तिने भट्टीच्या बाजूला चकती चिकटवली आणि डोळे मिटून घेतले. हातोडी तिने मुद्दाम लांब ठेवली होती. काही मागायचं नाही, काही बोलायचं नाही. पाण्याची टपटप आली. वाळू सरकल्याची सळसळ आली. स्वतःच्या छातीतली धडधड आली, ती बाजूला सारायला वेळ गेला. कप्तानांचा हात दुखायला लागला असावा, त्यांनी दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला.

खर्र.

तिने ओठ दाताखाली धरला. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, खर्र. पत्रा फरशीवर घासल्यासारखा.

या वेळी ती ओरडली नाही. तोंडातून अक्षर काढलं नाही. दाढीवाल्याला खुणेने बोलावलं आणि हेडफोन त्याच्या कानाला लावला. त्याने ऐकलं. परत ऐकलं. मग त्याने मान हलवली, आणि दोघं एकदम उठली.

बोका संध्याकाळी निघाला. दोन्ही हात तुळईखाली अडकलेले, म्हणून ठोके मारता येत नव्हते. पायाच्या अंगठ्याने तो पावाचा रिकामा ट्रे ढकलत होता, दिवसभर. स्ट्रेचरवर ठेवल्यावर त्याने ताईकडे बघितलं आणि म्हणाला, "किती उशीर गं! पाव करपला ना." ती हसली आणि हसता हसता तिला हुंदका फुटला.

त्याच्या मागून काकूंना आणलं. चादर तोंडावरून ओढलेली होती.

आई पोराकडे धावत सुटली होती. दोन्ही हात वर, तोंड उघडलेलं, आभाराचा शब्द अगदी जिभेवर आलेला. तेवढ्यात तिने काकांना बघितलं. तोही माणूस सकाळपासून तिच्याच शेजारी, तेच मागत उभा होता. आईने हात खाली घेतले. शब्द गिळला. पोराच्या कपाळावर हात फिरवला, आणि मग सरळ जाऊन काकांचा दंड धरून उभी राहिली. आभार मानायचे तरी कोणत्या तोंडाने? यांच्यासमोर?

काका चादरीकडे बघत होते. मग त्यांनी बोक्याच्या ताईला विचारलं, "पोरी, तुला तिचा काही आवाज आला होता?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण ती खरंच बोलली. "नाही काका. आम्ही आमचेच ठोके ऐकत बसलो. सरळ भट्टीकडे खणलं असतं तर..."

"मी होतो ना जवळ," बोका स्ट्रेचरवरून म्हणाला. त्याचा आवाज खोल गेला होता. "दुपारपर्यंत बोलत होत्या काकू. देवाशी."

"काय बोलत होती?" काकांनी विचारलं. "प्रार्थना?"

"प्रार्थना कसली! भांडत होत्या. म्हणत होत्या, ही काय वागायची पद्धत झाली का तुझी? आयुष्यभर तुझ्यापुढे हात जोडले आणि तू छप्पर घालतोस डोक्यात? लाज वाटते का? असं खूप खूप बोलायच्या. मग दमल्या की म्हणायच्या, बरं, माझा राग राहू दे बाजूला, तू आधी कामाला लाग. या पोराला बाहेर काढ, मग बघते तुझ्याकडे."

काकांच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. ते हसत होते की रडत होते, सांगता येईना. "रोजचंच आहे तिचं," ते म्हणाले. "रोज सकाळी कणीक मळताना त्याची हजेरी घ्यायची. मी म्हणायचो, अगं, देवाशी असं बोलतात का? तर म्हणायची, दुसऱ्या कुणाशी बोलू? तुम्हाला ऐकू येतं कुठे!" आणि मग ते आईच्या खांद्यावर डोकं ठेवून मोकळेपणाने रडले. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

रुग्णवाहिका निघाली. "तू जा भावाबरोबर," कप्तान म्हणाले. तिने ढिगाऱ्याकडे बघितलं. शिंपी अजून आत होता. त्याच्यासाठी दोरीपाशी कुणीच उभं नव्हतं.

"आई जाईल त्याच्याबरोबर," ती म्हणाली, आणि पुन्हा वर चढली.

पोर परत येणार नव्हती. काकूही नाहीत. ज्या उशिरामुळे काकू गेल्या, त्यातला निम्मा हिच्या पदरी होता, आणि उरलेला कुणाच्या पदरी घालायचा हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने चकती चिकटवली, हेडफोन कानाला लावला, हातोडी लांब ठेवली. कप्तानांची मूठ वर गेली आणि रस्ता पुन्हा गप्प झाला.

"ऐक," ती इतकं हळू म्हणाली की शेजारच्या दाढीवाल्यालाही ऐकू गेलं नाही. "मी अजून रागावलेलीच आहे. ते राहू दे बाजूला. तू आधी कामाला लाग."

मग ती ऐकायला लागली.