उन्हाचं ऊन पाणी

फणसवाडीतल्या त्या घरामागं पोहायचा दगडी हौद होता. लग्न होऊन आल्या त्याच उन्हाळ्यात राजलक्ष्मीबाईंनी त्यात सूर मारला, आणि पुढं वाडीतल्या निम्म्या पोरींना पोहायला शिकवलं. नवऱ्याला मात्र नाही. कमलाकांतराव पायरीवर बसून पाय बुडवत, तेही घोट्यापर्यंत.

मग बाईंच्या अंगावरून वारं गेलं. डावा पाय निजला, तो उठेना. डॉक्टर म्हणाले, "कोमट पाण्यात रोज हलवा. गार पाण्यात आखडेल. आणि आत्ता राहून गेलं, तर राहिलंच."

पौषाचे दिवस. हौद विहिरीच्या पाण्यानं गारठलेला. तेवढं पाणी तापवायचं तर लाकडाची अख्खी वखार जाळावी लागली असती.

"लाकडं कशाला?" कमलाकांतराव म्हणाले. "वर तो जळतोच आहे."

त्यांनी गच्चीवर लाकडी पेटी मांडली. तीत काळे रंगवलेले लोखंडी नळ नागमोडी बसवले, वर काच घातली. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्या नळांतून फिरून खाली हौदात पडायचं होतं. जन्मभर कचेरीत नकाशे काढलेले हात. त्यांना फोड आले.

शेजारच्या चाळीतून तात्या ओरडले, "काय कमलाकांत, सूर्यनारायणाला नळजोडणी का रे?"

"अर्ज दिलाय तात्या! मंजूर झाला की तुमच्याकडे वळवतो!"

रस्त्यावरून मोर्चा चालला होता. "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" हौदाकाठच्या खुर्चीतून बाईंनी सूर मिसळला, "ऊन पाणी झालंच पाहिजे!" गच्चीवरून हसू आलं.

पण नळ सोडला आणि धार पडली ती गारच. कमलाकांतराव खाली आले, पायरीवर बसले. बाईंना पायापेक्षा तो चेहरा जड वाटला. त्या हलकेच गुणगुणल्या,

*नारायणा देवा, ये रे गच्चीवरून,*
*निजल्या पावलाला दे ऊन गाळून.*

सकाळी ते बाईंच्या आंघोळीसाठी बंबात पाणी ओतत होते. वरून गार तांब्या ओतला, तोटीतून कढत धार आली. ते थबकले.

"अगं, गार पाणी नळीतून तळाशी जातं आणि तापलेलं वरून निघतं! मी नेमकं उलटं जोडलंय!"

"मग बंबाला नमस्कार करा आणि वर जा."

त्यांनी नळांची तोंडं बदलली. गार पाणी पेटीच्या खालून आत, तापलेलं वरून बाहेर. धारही करंगळीएवढी ठेवली. दिवसभर ती हौदात पडत राही, रात्री वर ताडपत्री. चार-सहा उन्हं अशी हौदात उतरली, तेव्हा बाईंनी बोटं बुडवली. पाणी अंगणात वाळत घातलेल्या गोधडीसारखं ऊबदार होतं. त्यांना वाटलं, हा माणूस पाण्याला भितो, आणि माझ्यासाठी त्यानं पाण्याची समजूत घातली.

"पण मला धरणार कोण?"

कमलाकांतराव धोतर खोचून पायऱ्या उतरू लागले. घोटे, गुडघे, कंबर.

"अहो, बुडाल!"

"तू आहेस की."

बाई त्यांच्या हातावर भार टाकून उतरल्या. छातीपर्यंत पाणी आलं तसं कोण कोणाला धरतंय ते कळेना.

"ताठू नका हो. श्वास सोडा," बाई पोरींना सांगत तशाच म्हणाल्या. "पाय मोकळे. हे बघा, असा मारायचा पाय."

पाणी हललं. दोघांनी खाली पाहिलं. उन्हाच्या जाळीत बाईंचं डावं पाऊल हळूच मागं गेलं होतं.

बाईंनी त्यांचा दंड घट्ट दाबला.

"नीट कळलं नाही मला," कमलाकांतराव म्हणाले. "पुन्हा दाखव."